पंजाबराव तायड्यांची डबल बेल

पंजाबराव तायडे एसटीतून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली, पण त्यांच्यातला कंडक्टर अजून कामावर आहे. घरातली माणसं जेवायला बसली की ते आधी डोकी मोजतात. लग्नाच्या पंगतीत उभे राहून "पुढे सरका, मागे जागा आहे" म्हणतात. विहारात साडेसातची वंदना असेल तर सात एकोणतीसला ते दाराशी उभे असतात, आणि उशिरा येणाऱ्याकडे असे पाहतात की त्याला आपण विनातिकीट पकडले गेलो असं वाटावं.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांची गाडी एकदाही उशिरा सुटली नाही. उशिरा पोचली असेल, तो ड्रायव्हरचा प्रश्न. सुटण्याची जबाबदारी त्यांची, आणि ती त्यांनी इतक्या निष्ठेनं पाळली की परतवाडा–अंजनगाव रस्त्यावरच्या दोन पिढ्या त्यांच्या गाडीला मागच्या बाजूनं ओळखतात. कोणी धावत येवो, कोणी हात करो, कोणी लेकरू कडेवर घेऊन ओरडो, दोरी दोनदा ओढली की डबल बेल झाली आणि विषय संपला. मागे राहिलेल्यांच्या या यादीत त्यांची स्वतःची बायकोही आहे.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भागीरथाबाई अंजनगावला बहिणीकडे गेल्या होत्या आणि नवऱ्याच्याच गाडीनं परत निघाल्या होत्या. सासूला अंजनगावचं पान लागे, म्हणून त्या पिशवी सीटवर ठेवून पानं घ्यायला खाली उतरल्या. गाडी दोन वीसची. त्या दोन बावीसला आल्या आणि त्यांनी पाहिलं की पिशवी, नवरा आणि गाडी तिघंही चालले आहेत. पंजाबरावांचं म्हणणं, वेळ सांगितली होती. ते खरंही आहे, त्यांनी दोनदा सांगितली होती. भागीरथाबाई दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपनं घरी आल्या, पानांची जुडी सासूच्या हातात दिली आणि त्या दिवसापासून एसटीच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. लग्न असो, मयत असो, काळीपिवळीत बारा माणसांत तेराव्या म्हणून कोंबून घेतील, पण लाल गाडीत चढणार नाहीत. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी भागीरथाबाईंना फार समजावलं. त्या म्हणाल्या, "फुकट केलं तरी नाई."

ही मंडळी राहतात घाटपुऱ्यात. अचलपूरचा जुना मोहल्ला, सापन नदीच्या काठावर. मोहल्ल्याला एक दगडी दरवाजा आहे, त्याचं एक फळकूट शिल्लक आहे. नदीला दगडी घाट आहे, त्याच्या सहा पायऱ्या शिल्लक आहेत. नदीत फेब्रुवारीत म्हशीचे गुडघे ओले होतील इतकं पाणी शिल्लक असतं. घाटपुऱ्याचा एकच गुण मात्र पूर्वीइतकाच शाबूत आहे, तो म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं उशिरा जाणं. निघताना कोणीतरी 'चहा घ्या' म्हणतं आणि नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. त्यामुळे घाटपुऱ्यातला माणूस नदीपलीकडे परतवाड्याला निघाला तरी तीन चहा पिऊन थांब्यावर पोचायचा, आणि तिथं त्याला पंजाबरावांच्या गाडीचा धूर दिसायचा.

व्हायचं तेच झालं. गाडी घाटपुऱ्याहून वर्षानुवर्षं रिकामी जायला लागली. वरच्या कागदांवर भारमान घसरलं, म्हणजे गाडीत जागा चव्वेचाळीस आणि बसलेले नऊ. पंजाबराव निवृत्त झाल्यावर वर्षभरात थांबा बंद झाला. गाडी रिकामी का जाते हे कोणी विचारलं नाही, आणि ज्याला माहीत होतं तो सत्काराची शाल पांघरून घरी बसला होता. पंजाबरावांना हे मनात टोचायचं. तोंडानं ते म्हणायचे, "लोकायले शिस्त नाई."

आता त्या बंद थांब्याची झळ त्यांच्याच घरात पोचली होती. नात प्रियदर्शनी अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी तीन किलोमीटर चालत परतवाडा स्टँड, तिथून बस, आणि संध्याकाळी उलटा प्रवास. तिचा बाप धम्मदीप नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात, तिथंच चौघांत एक खोली घेऊन राहणारा, सुट्टीच्या दिवशी घरी येणारा. आजोबांनी तिला आणायला जावं, तर एका डोळ्यात मोतीबिंदू, अंधारात काही दिसत नाही. आणि वाहन म्हणाल, तर पंजाबराव जन्मात सायकलसुद्धा शिकले नाहीत, कारण गाडी चालवणं हे ड्रायव्हरचं काम.

जानेवारीत एका संध्याकाळी पुलावर दोन पोट्ट्यांनी मोटरसायकल हळू केली आणि दरवाजापर्यंत प्रियदर्शनीच्या बाजूनं चालवली. आजीनं तिचा चेहरा पाहून काढून घेतलं. पुढच्या सुट्टीला धम्मदीप आला आणि म्हणाला, "हे वर्स होऊ दे. मंग कालेज बंद. मले तिथी मशीनवर उभं राहून डोक्यात हेच चालू राह्यते." पोरगी ताटावरून उठून गेली. पंजाबराव त्या दिवशी जेवणाऱ्यांची डोकी मोजायला विसरले.

आणि अशा वेळी घाटपुऱ्याच्या उद्धाराला श्रेयस आला. परतवाड्याचा मुलगा, पुण्याहून पर्यटनाचा अभ्यास करून परतलेला, बोलताना दर वाक्यात 'अनुभव' म्हणणारा. कुठल्याशा योजनेत 'एक दिवस नदीकाठी' म्हणून जुन्या वस्त्या निवडायच्या होत्या. अमरावतीहून पाहुणे येणार, वस्ती पाहणार, कोणीतरी अहवाल लिहिणार, आणि निवडलेल्या जागेला रोजची बस सुरू करण्याची शिफारस होणार. एवढ्या मोठ्या भाषणातून पंजाबरावांनी 'रोजची बस' एवढे दोनच शब्द घेतले आणि बाकीचे परत केले.

"पाहुणे मी फिरवतो," ते म्हणाले. "टाइमात."

श्रेयसनं चकचकीत कागदावर 'घाटपुऱ्याचे दहा अनुभव' छापले होते. दगडी घाटावर सूर्योदय. ऐतिहासिक दरवाजा. नौकाविहार. हातमागाच्या सान्निध्यात. नदीकाठची शांतता, जी नेमकी पिठाच्या गिरणीला लागून होती. असं दहापर्यंत. पंजाबरावांनी त्यावर पेननं वेळापत्रक घातलं. प्रत्येक अनुभवाला बारा मिनिटं, जेवण तीस मिनिटं, परतीची गाडी चार वाजता. मग ते घरोघर हिंडून सांगून आले, की शनिवारी कोणी पाहुण्यांना चहा विचारायचा नाही. एक चहा म्हणजे पंधरा मिनिटं.

पार्बताबाई म्हणून शेजारीण आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेली. ती म्हणाली, "दारावरून माणूस चालला जाईन अन् मी चहा नाई इचारू? मले का किडे पडायचे हायेत?"

"बसचा प्रश्न हाये, मावशी."

"बरं बाप्पा, नाई इचारत," म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिनं दोन लिटर दूध जास्तीचं सांगून ठेवलं. घाटपुऱ्यात प्रत्येक घरानं पंजाबरावांना असाच शब्द दिला.

शनिवारी मिनीबस आली ती साडेदहाला. चौदा पाहुणे उतरले. पंजाबराव खाकी नसली तरी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. पाहुण्यांना घाटावर नेऊन त्यांनी घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, "सूर्योदय झाला. पुढे चला."

आता अहवाल लिहिणारा साहेब कोण, हे ओळखायला पंजाबरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी तपासनीस नुसत्या बुटांवरून ओळखले होते. काळा गॉगल, डोक्यावर हॅट, गळ्यात कॅमेरा असलेला तो ललित नावाचा गृहस्थ म्हणजेच साहेब. दिवसभर पंजाबराव त्याच्या मागेपुढे होते. त्याला सावली, त्याला खुर्ची. साध्या सुती साडीतली, हातात स्टीलची बाटली घेतलेली एक बाई गटाच्या शेवटी चालत होती आणि भलतेच प्रश्न विचारत होती. गटाराचं पाणी कुठं जातं, शाळा कुठं आहे. पंजाबरावांनी तिला कोणाचीतरी मावशी समजून "मागे राहू नका, ताई" एवढं तीनदा सांगितलं.

दरवाजाशी श्रेयस म्हणाला, "इथून राजे हत्तीवर बसून येत असत."

"हत्ती?" गर्दीतून कोणीतरी बोललं. "या दरवाजातून टेम्पो नाई येत, बापू."

आणि तिथंच पहिला चहा आला. मग दुसऱ्या दारातून दुसरा, आणि तिसऱ्या दारातून चहासोबत चिवडा. पाहुणे अमरावतीचे, म्हणजे नाही म्हणणं त्यांनाही घरात कोणी शिकवलेलं नव्हतं. पंजाबराव शिट्टी वाजवत राहिले आणि पाहुणे बशीत चहा ओतत राहिले. बारा वाजता नौकाविहार झाला. आणलेली नाव गाळात रुतली. पाहुण्यांनी नावेत उभं राहून फोटो काढले आणि मग नदीत उतरून पायानं काठावर आले, पाणी घोट्यापर्यंत होतं. एक वाजता हातमाग पाहिला. मोहल्ल्यातला तो शेवटचा माग, आणि मालकानं त्यावर टॉवेल वाळत घातला होता, तोही कापडगिरणीचा. त्यानंतर जेवण सुरू झालं, ते तीस मिनिटांचं होतं म्हणून दोन तास चाललं. पाटोडीचा रस्सा, भाकरी, कोथिंबिरीची सांबारवडी, आणि "अजून एक घ्या, काय होते एकानं?" साहेब ललित वाढून घेऊन घेऊन लिंबाखाली झोपले. दहा अनुभवांपैकी सहा अनुभव कोणाच्या वाट्याला आले नाहीत.

पंजाबरावांच्या डोक्यात आता एकच उरलं होतं. सगळं बुडालं तरी गाडी चारला सुटली पाहिजे. निदान एक गोष्ट साहेबाला टाइमात दिसली पाहिजे. पावणेचारला त्यांनी सगळ्यांना हाकत दरवाजाबाहेर आणलं, मिनीबसमध्ये बसवलं आणि पायरीवर चढून डोकी मोजली. चौदा. पुन्हा मोजली. चौदाच. घड्याळात चार वाजले. मिनीबसला दोरी नव्हती, म्हणून त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. धाड, धाड. गाडी निघाली. पंजाबरावांच्या छातीत आठ वर्षांनी गार वाटलं.

ते घरी आले तर ओसरीवर ती सुती साडीवाली बाई मांडी घालून बसली होती. पुढ्यात ताट. भागीरथाबाई तिला सांबारवडी वाढत होत्या, शेजारी प्रियदर्शनी बसली होती.

"या," बाई म्हणाल्या. "तुमचंच घर आहे होय हे? तुमच्या मिसेसच्या हातची वडी... गाडी किती वाजता आहे म्हणालात?"

पंजाबरावांनी ओसरीवरची डोकी मोजली. "चौदा होते," ते म्हणाले. "मी मोजले. दोनदा मोजले."

प्रियदर्शनीनं आतल्या आत हसू दाबलं. "आबा, पार्बता आजी बसली न गाडीत. मले सांगून गेली. गादीच्या सीटा पाह्यल्या अन् मने, परतवाड्यालेच चालली तं बाजार करून येतो."

भागीरथाबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "मले सोडलं होतं अंजनगावले. आता पावणी बी सोडली. तेही सोताच्या घरात!"

बाईंची पर्स, पर्समधला मोबाइल, सगळं मिनीबसमध्ये. आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांचं नाव कुंदा देशपांडे, आधी आकडेवारीच्या कचेरीत होत्या, आणि अहवाल त्यांनीच लिहायचा आहे. गॉगलवाले ललितराव मिनीबसच्या मालकाचे मेहुणे, सहज फिरायला आले होते. पंजाबराव ओसरीच्या खांबाला टेकले. नातीचं कॉलेज आपण आपल्या हातानं, पत्र्यावर दोन थापा मारून घालवलं, हे त्यांना लख्ख दिसलं आणि मरणाची लाज वाटली.

"मग आता मी जायचं कसं?" कुंदाताईंनी विचारलं. "बस?"

"बस नाई इथी," भागीरथाबाई म्हणाल्या. "होती तिचाच तं मुडदा पडला."

"चाला माह्यासंग," प्रियदर्शनी उठली. "मी रोजच जातो."

तिघं निघाले. पुढे पोरगी आणि कुंदाताई, मागे दहा पावलांवर पंजाबराव, कारण जवळ जायची हिंमत नव्हती. पुलावर कठडा तुटलेल्या जागी पोरगी सवयीनं आतल्या बाजूला झाली, हे त्यांनी पाहिलं. कुंदाताईंनी विचारलं, या वाटेनं सकाळी कितीजणी चालत जातात.

"लय जातात. नर्सिंगच्या पोरी, दवाखान्यात कामाले जाणाऱ्या बाया, शाळेचे. कितीजण ते कोनं मोजलं नाई."

मागे पंजाबराव जागच्या जागी थांबले. जन्मभर ज्यानं फक्त डोकी मोजली, त्यानं गाडीत बसलेली मोजली. मागे राहिलेली कधीच मोजली नाहीत. स्टँडवर मिनीबसमागून मोटरसायकलनं आलेला श्रेयस पर्स घेऊन घाम पुसत उभा होता आणि पार्बताबाई त्याला पिशवी धरायला लावून वांगी निवडत होती. निरोप घेताना पंजाबराव कुंदाताईंना एवढंच म्हणाले, "ताई, चूक माही हाये. आजची बी, अन् थांबा बंद झाला ते बी. गाडी रिकामी मीच नेत जाय."

कुंदाताई म्हणाल्या, "मग मोजून द्या मला. पंधरा दिवस."

पंधरा दिवस पंजाबराव पहाटे पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. वही, पेन, गळ्यात शिट्टी. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव आणि वेळ. सरासरी एक्केचाळीस माणसं निघाली, त्यातल्या एकोणतीस बाया आणि पोरी. लोक म्हणाले, म्हातारा सरकला. भागीरथाबाई रोज तिथं चहा नेऊन देत.

अहवाल आला. घाटपुरा काही निवडला गेला नाही. अहवालात लिहिलं होतं, की दहापैकी चार अनुभव घेता आले, त्यातला एक सूर्योदयाचा होता व तो सकाळी पावणेअकराला झाला. जेवणाबद्दल मात्र अर्धं पान होतं. श्रेयसनं उरलेले चकचकीत कागद गठ्ठ्यानं पार्बताबाईला देऊन टाकले, तिनं ते फळ्यांवर अंथरले. पण कुंदाताईंनी पंजाबरावांची वही वेगळ्या पत्राला जोडून आगारात दिली होती. जूनच्या शेवटी निरोप आला. सकाळी सहा दहाची एक फेरी आणि संध्याकाळी एक, अशी गाडी घाटपुऱ्याहून महिनाभर चालवून पाहू. भारमान भरलं तर पुढे, नाहीतर बंद.

पहिल्या दिवशी पंजाबराव साडेचारपासून दारं ठोकत हिंडले. "चहा गाडीत प्या. थर्मास घ्या. पण निघा." सहा पाचला गाडी दरवाजापुढे उभी राहिली. कंडक्टर चंदा नावाची तिशीतली मुलगी, चेहरा असा की कोणाचं ऐकून घेणार नाही. पंजाबरावांना ती पाहताक्षणी आवडली. घाटपुरा चक्क वेळेवर आला. प्रियदर्शनी खिडकीशी बसली. धम्मदीप रात्रपाळी करून आदल्या दिवशीच आला होता, तो पायरीशी उभा राहून लेकीकडे नुसता पाहत होता. पंजाबरावांनी बाहेरून डोकी मोजली. एकोणचाळीस.

सहा दहा झाले. चंदानं दोरीला हात घातला.

तेवढ्यात दरवाजातून भागीरथाबाई येताना दिसल्या. अंगावर ठेवणीतलं पांढरं लुगडं, हातात पिशवी, गुडघे दुखत असल्यानं एकेक पाऊल मोजून. ओरडल्या नाहीत, हात केला नाही. नुसत्या येत राहिल्या. त्यांच्यापासून गाडीपर्यंतचं अंतर पंजाबरावांनी सवयीनं नजरेनं मोजलं. दोन मिनिटं.

"चला काका, बाजूले व्हा," चंदा म्हणाली. "टाइम झाला."

पंजाबराव बाजूला झाले नाहीत. ते पुढे गेले आणि गाडीच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. आतून कोणीतरी हसलं.

"काका, मले टाइम पाळा लागते!"

"पाळ माय, उद्यापासून पाळ," पंजाबराव म्हणाले. "आज थांब. बाई येऊन राह्यली."

भागीरथाबाई आल्या. पायरीचा दांडा धरला, एक पाय वर ठेवला आणि तिथंच थांबून नवऱ्याकडे वळल्या. हात पसरून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"एकोणीस वर्सं लागले तुमाले," त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबाले."

मग त्या आत गेल्या आणि नातीच्या शेजारी बसल्या. पंजाबरावांनी बाजूला होऊन पत्र्यावर दोन थापा मारल्या, हळूच.